ब्रिटनी स्पिअर्सचे ‘टॉक्सिक’ : मुंबईच्या व्हायोलिनांवर स्टॉकहोममध्ये उभे राहिलेले गाणे

‘टॉक्सिक’ हे गाणे कसे ऐकावे याबद्दल माझे मत ठाम आहे. गायिकेचा आवाज सुरू होण्याआधी जी व्हायोलिने वाजतात, त्यांच्यापासून ऐकायला सुरुवात करावी आणि गाणे संपेपर्यंत त्यांचा माग सोडू नये. अमेरिकी पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सचा ‘इन द झोन’ हा अल्बम नोव्हेंबर २००३ मध्ये आला आणि त्यातले हे गाणे जानेवारी २००४ मध्ये सिंगल म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. मार्चमध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही अव्वल ठरले, अमेरिकेच्या मुख्य यादीत नवव्या स्थानापर्यंत गेले आणि २००५ मध्ये सर्वोत्कृष्ट नृत्यगीत-ध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी मिळवून गेले. गायिकेचे ते पहिलेच ग्रॅमी होते. पुण्यात आजही कोरेगाव पार्कमधल्या पबमध्ये, कोथरूडच्या नृत्यवर्गांत आणि कुठल्याही पेठेतल्या व्यायामशाळेत ते वाजते, आणि ते वाजू लागले की ज्यांना इंग्रजी गाण्यांशी फारसे देणेघेणे नाही अशांचेही पाय हलू लागतात. मात्र ज्या सुरावटीमुळे पाय हलतात ती आपल्याच एका चित्रपटगीतातून आली आहे, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. या गाण्याची जडणघडण आणि त्यामागचे प्रभाव नीट समजून घेतले, तर ते आजवर वाटले त्यापेक्षाही मोठे वाटू लागते, आणि म्हणूनच एवढ्या वर्षांनी त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

ते चित्रपटगीत म्हणजे ‘तेरे मेरे बीच में’. के. बालचंदर यांच्या ‘एक दूजे के लिए’ या १९८१ च्या चित्रपटासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ते संगीतबद्ध केले, आनंद बक्षी यांनी लिहिले आणि लता मंगेशकर व एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी गायले. बालसुब्रह्मण्यम यांना या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर बक्षी यांना फिल्मफेअर. परस्परांची भाषा न येणाऱ्या दोघांच्या प्रेमाची ही कथा गोव्याच्या पार्श्वभूमीवर घडते, आणि गाण्याच्या चालीवर शिवरंजनी रागाची स्पष्ट छाया आहे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात बसून कान तयार झालेल्या पुणेकर श्रोत्याला कोमल गंधाराची ती हुरहूर ओळखण्यासाठी कोणी सांगावे लागत नाही. गाणे मनात राहते ते मुखड्यामुळे आणि दोन आवाजांमुळे; व्हायोलिने तिथे त्यांच्या भोवती महिरप धरून उभी आहेत, दोन ओळींमधली जागा भरत आहेत, पुढच्या ओळीसाठी वाट मोकळी करून देत आहेत. ‘टॉक्सिक’च्या स्टॉकहोममधल्या निर्मात्यांनी नेमकी ही महिरप उचलली आणि मूळ गाण्यातला मुखडा, शब्द व आवाज यांना हातही लावला नाही. या निवडीतच त्यांच्या कानाची पारख दिसते.

ही व्हायोलिने अशी का वाजतात, याचे उत्तर मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या इतिहासात आहे. प्यारेलाल शर्मा हे मुळात व्हायोलिनवादक. वडील रामप्रसाद शर्मा हे ट्रम्पेटवादक आणि संगीताचे शिक्षक होते, आणि व्हायोलिनची तालीम प्यारेलाल यांना अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय वादकाकडून मिळाली. हेच ते गोन्साल्विस, ज्यांचे नाव पुढे शिष्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून घराघरांत पोहोचवले. लक्ष्मीकांत कुडाळकर मेंडोलिन वाजवत. मंगेशकर कुटुंबाने मुलांसाठी चालवलेल्या सुरील कला केंद्रात हे दोघे लहान वयात एकत्र आले आणि १९६३ च्या ‘पारसमणी’पासून संगीतकार म्हणून लोकांपुढे उभे राहिले. त्या काळातल्या मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिनच्या रांगांत बसणारे बरेच वादक गोव्याचे होते. त्यांचे शिक्षण चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपीवर झाले होते आणि रोजचे काम मात्र रागांवर बेतलेल्या चाली वाजवण्याचे होते. यातून एक वेगळाच बाज तयार झाला. पंधरा-वीस व्हायोलिने वेगवेगळ्या स्वरांत न विभागता एकच सुरावट एकदिलाने वाजवतात आणि ती वाजवताना सरळ स्वरावरून स्वरावर उडी न मारता मधल्या जागा घेत जातात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात शिस्त असते पण ही घसीट सहसा नसते, आणि एकट्या भारतीय व्हायोलिनवादकाकडे घसीट असते पण हा समूहाचा भरदार आवाज नसतो. मुंबईच्या स्टुडिओत दोन्ही एकत्र मिळत.

आमच्या इमारतीत राहणारे एक काका अनेक वर्षे व्हायोलिन वाजवतात आणि शिकवतात. त्यांना गाण्याचे नाव न सांगता मी केवळ सुरुवातीचा भाग ऐकवला आणि विचारले, “काका, हे वाजवणं कुठलं वाटतं तुम्हाला?” त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाले, “ही आपल्या सिनेमातली व्हायोलिनं आहेत. सगळ्यांचा गज एकदम पडतोय, आणि सुरावरून सुरावर सगळे मिळून घसरत जातायत, ते ऐकलंस ना? हे नोटेशन बघून येत नाही, शेजारी बसून वाजवताना येतं.” त्यांनी ‘टॉक्सिक’ त्याआधी कधीही ऐकले नव्हते. वादनाची बोली इतकी स्पष्ट असेल, तर परदेशी नृत्यसंगीताच्या गदारोळातही ती लपत नाही.

आता स्टॉकहोमकडे वळू. ‘टॉक्सिक’ लिहिणारे चौघे आहेत: इंग्लंडच्या कॅथी डेनिस आणि स्वीडनचे हेन्रिक यॉनबाक, क्रिस्टियन कार्लसन व पॉन्टस विनबर्ग. यांपैकी शेवटचे दोघे ‘ब्लडशाय अँड अवांत’ या जोडनावाने निर्माते म्हणून ओळखले जातात. व्हायोलिनच्या मूळ तुकड्यांची त्यांनी काटछाट केली, ते पुन्हा जोडले आणि मिनिटाला सुमारे १४३ ठोक्यांच्या वेगवान लयीत बसवले. गाणे सी मायनर या पाश्चात्त्य स्वरश्रेणीत आहे. मायनरमधला खालचा गंधार आणि शिवरंजनीतला कोमल गंधार एकाच जागी येत असल्यामुळे उसनी आणलेली सुरावट नव्या घरात परकी वाटत नाही. निर्मात्यांनी हे शास्त्राने केले की नुसत्या कानाने, याने काही फरक पडत नाही. परिणाम अचूक आहे. मूळ गीतात जी सुरावट दोन ओळींमधली जागा भरत होती, ती इथे गाण्याचा पाठीचा कणा झाली आहे. ती आधी एकटी समोर येते आणि श्रोत्याला दचकवते. मग कडवे सुरू होताच ती मागे सरते आणि खाली सिंथेसायझरचा जाड बेस व ड्रम्स आपली जागा घेतात. ध्रुवपद आले की ती परतते, पण आता तिचे काम बदललेले असते: गायिकेची ओळ जिथे संपते, तिथे व्हायोलिने झटक्यासरशी उत्तर देतात. सवालजवाबाची ही रचना आपल्याला नवी नाही, परंतु सव्वातीन मिनिटांच्या नृत्यगीतात ती इतक्या काटेकोरपणे सांभाळलेली क्वचितच ऐकू येते. ताशाची तर्री सुरू झाली की ढोल पडण्याआधीच लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीच्या अंगात जे भिनू लागते, ते काम इथे व्हायोलिने करतात, आणि बेस येईपर्यंत नाचायला कोणाला सांगावे लागत नाही.

या तुकड्यांच्या जोडीला स्टॉकहोममध्ये नव्याने वाजवून घेतलेली तंतुवाद्येही आहेत. जुन्या ध्वनिमुद्रणातला खरखरीत, किंचित दाबलेला आवाज आणि नव्या वादनातली चकाकी एकमेकांवर बसवण्याचे काम अवघड असते, कारण दोन्हींचा पोत वेगळा असतो आणि जोड उघडी पडण्याची भीती असते. इथे जोड सापडत नाही. मला तर वाटते की संपूर्ण गाण्यातली सर्वांत कमी वाखाणली गेलेली करामत हीच आहे, आणि मिश्रण करणाऱ्या निक्लास फ्लिक्ट यांना तिचे श्रेय मिळायला हवे.

पाश्चात्त्य समीक्षकांनी या गाण्यात भांगड्याचा प्रभाव असल्याचे वारंवार लिहिले आहे. मला हे मान्य नाही, आणि हा आक्षेप किरकोळ नाही. भांगड्याचा प्राण ढोलाच्या आठ मात्रांच्या झुलत्या चालीत आणि तुंबी या एकतारी वाद्याच्या टोकदार तारेत असतो. ‘टॉक्सिक’मध्ये ढोल नाही, तुंबी नाही आणि ती झुलती चालही नाही, ठेका सरळ, यंत्रावर बेतलेला आणि क्लबसाठी घडवलेला आहे. जे भारतीय आहे ते मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदाचे आहे, पंजाबच्या शेतातले नाही. ही गल्लत का झाली ते समजण्यासारखे आहे. २००१ मध्ये अमेरिकी रॅपर मिसी एलियट आणि निर्माता टिंबलंड यांनी ‘गेट यर फ्रीक ऑन’मध्ये तुंबीच्या धर्तीची तार वापरून मोठे यश मिळवले होते. पंजाबी एमसीचे ‘मुंडियां तो बच के’ २००३ मध्ये अमेरिकी रॅपर जे-झीच्या साथीने जगभर वाजत होते, आणि त्या गाण्याचा बेस स्वतः ‘नाइट रायडर’ या अमेरिकी मालिकेच्या शीर्षकसंगीतातून घेतलेला होता. त्यामुळे भारतातून आलेला कुठलाही आवाज त्या दोन-तीन वर्षांत एकाच चौकटीत टाकला गेला. परंतु चौकट चुकली की माणसेही चुकतात. भांगडा म्हटले की लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गोन्साल्विस आणि ते सगळे गोमंतकीय वादक चित्रातून बाहेर जातात.

त्याच सुमारास हिंदी चित्रपटगीतांचे तुकडे वापरणारी आणखी दोन गाणी गाजली, आणि त्यांच्याशेजारी ठेवल्यावर ‘टॉक्सिक’चे वेगळेपण उठून दिसते. ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या २००२ मधल्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात निर्माता डीजे क्विक याने १९८१ च्या ‘ज्योती’मधले ‘थोडा रेशम लगता है’ भरपूर वापरले. लताबाईंचा आवाज सतत ऐकू येतो आणि नवे गाणे त्याच्या सावलीतून बाहेर पडत नाही. तिथे परवानगी व श्रेय यांवरून वाद झाला आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव दिल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश अमेरिकेतल्या न्यायालयाने २००३ मध्ये दिला. ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाच्या २००५ मधल्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या ‘ये मेरा दिल’ची आणि ‘ए नौजवां’ची जोड आहे. ते मजेदार आहे, पण जुना भाग आला की तो कुठून आला हे चटकन कळते, आणि गाणे थोडा वेळ त्याच्या स्वाधीन होते. ‘टॉक्सिक’मध्ये उसनवारीची अशी शिवण दिसत नाही. लताबाईंचा आवाज, ओळखीचा मुखडा, चटकन ओळख पटवणारी एखादी ओळ, यांपैकी काहीच न घेता केवळ वाद्यांचा एक तुकडा घेऊन त्याच्यापासून वेगळ्याच स्वभावाचे गाणे उभे करणे हे अधिक कठीण काम आहे. मूळ गाण्यातली व्याकुळता इथे भीती आणि ओढ यांच्या मिश्रणात बदलली आहे, आणि तरीही मूळ सूर जसेच्या तसे आहेत.

व्हायोलिनांइतकेच महत्त्वाचे दुसरे वाद्य म्हणजे गिटार. तो टणटणीत, पाण्यात भिजल्यासारखा आवाज १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कॅलिफोर्नियातल्या सर्फ संगीताचा, म्हणजे समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांच्या गिटारप्रधान संगीताचा आहे, आणि त्याच काळात तो हेरपटांच्या संगीतातही शिरला. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’मधली जेम्स बाँडची सुरावट माँटी नॉर्मन यांची. तिची वाद्यरचना जॉन बॅरी यांनी केली आणि गिटार व्हिक फ्लिक यांनी वाजवली. ‘टॉक्सिक’ ऐकून बाँडची आठवण झाली नाही असा श्रोता विरळा, आणि जोसेफ कान यांनी दिग्दर्शित केलेल्या दृश्यफितीतही गायिका वेश बदलणारी हेर झाली आहे. इथपर्यंत सगळे सर्वज्ञात आहे. मात्र माँटी नॉर्मन यांनी ती सुरावट मुळात बाँडसाठी रचलीच नव्हती. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरच्या एका नियोजित संगीतिकेसाठी, म्हणजे त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबाच्या कथेसाठी, त्यांनी लिहिलेल्या गाण्यातून ती आली. दुसरीकडे सर्फ गिटारचा अध्वर्यू डिक डेल हा वडिलांकडून लेबनीज वंशाचा होता, आणि त्याने १९६२ मध्ये प्रचंड वेगाने वाजवलेले ‘मिसर्लू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशातली लोकधून आहे. म्हणजे ‘टॉक्सिक’मध्ये जो भाग आपण निःशंकपणे पाश्चात्त्य समजतो, त्या गिटारच्या पूर्वजांतही त्रिनिदादचे भारतीय आणि लेबनॉनचे अरब बसलेले आहेत. व्हायोलिने आणि गिटार या गाण्यात इतक्या सहज एकमेकांशी बोलतात, त्यामागे ही जुनी नाती असावीत, असे मला मनापासून वाटते. निदान कानाला तरी ती दोन वाद्ये परस्परांना अनोळखी वाटत नाहीत.

आता आवाजाबद्दल. कॅथी डेनिस स्वतः १९९० च्या दशकाच्या आरंभी नृत्यगीतांची यशस्वी गायिका होत्या आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गायिका काइली मिनोगच्या ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’च्या सहलेखिका म्हणून त्यांचे नाव पुन्हा गाजले होते. ‘टॉक्सिक’ही आधी काइलीकडेच गेले होते आणि तिने ते नाकारले. तिचा आवाज थंड आणि तोललेला आहे. तिने हे गाणे नीटनेटके गायले असते, पण त्यातला धोका कदाचित हरवला असता. ब्रिटनी स्पिअर्सच्या आवाजाला ताकदीच्या मर्यादा आहेत आणि निर्मात्यांनी त्या लपवण्याऐवजी कामाला लावल्या आहेत. कडव्यांमध्ये ती जवळजवळ श्वासावर गाते, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थोडा सोडून देते, आणि ध्रुवपदात अचानक बारीक, उंच, कृत्रिम वाटावा अशा आवाजात चढते. हा आवाज भावगीत गाणाऱ्याचा नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. तो वाद्यमेळातले आणखी एक वाद्य आहे. ज्याच्या सहवासात घात आहे हे कळूनही सोडवत नाही अशा माणसाविषयीचे हे शब्द साधे आहेत, आणि व्हायोलिनांनी जे आधीच सांगून ठेवले आहे त्यावर ते फार भर घालत नाहीत. अल्बमचे दुसरे सिंगल कोणते काढावे याचा विचार चालू असताना इतर गाणी शर्यतीत होती आणि गायिकेने याची निवड केली, ही गोष्ट तिच्या जाणकारीची साक्ष आहे.

उणिवा आहेत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात नवे काहीच घडत नाही. ध्रुवपद पुन्हा येते, त्यावर आणखी एक आर्जवाची ओळ घोळवली जाते आणि गाणे थांबते. इतक्या कल्पक सुरुवातीनंतर व्हायोलिनांना शेवटी एकदा तरी मोकळे सोडायला हवे होते, बेस आणि ड्रम्स काढून घेऊन त्यांचा निखळ आवाज ऐकवायला हवा होता. दुसरी उणीव ध्वनीची. त्या काळातल्या बहुतेक पॉप ध्वनिमुद्रणांप्रमाणे इथेही आवाजाची पातळी सतत चढी ठेवलेली आहे, त्यामुळे हळू आणि मोठा यांतला फरक कमी झाला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर बेस नाहीसा होतो आणि व्हायोलिने कानात टोचतात. पबमधल्या यंत्रणेवर नेमके उलटे होते, बेस सगळे गिळतो आणि ज्यासाठी गाणे ऐकायचे तेच ऐकू येत नाही. घरातल्या साध्या, बऱ्यापैकी जोडस्पीकरवर किंवा कान झाकणाऱ्या हेडफोनवर, आवाज मध्यम ठेवून ऐकले तर सर्व थर सुटे होतात. डाव्या-उजव्या बाजूंना गिटार कशी फिरते आणि ध्रुवपदात पाठीमागचे आवाज किती बारकाईने रचले आहेत, हे तेव्हाच कळते.

पुण्यात या गाण्याचा विषय निघाला की कोणीतरी “शेवटी आपलीच चाल ढापली” असे म्हणतेच. हा अभिमान मला समजतो, पण तक्रार पटत नाही. आर. डी. बर्मन यांनी १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये ‘मिल गया हम को साथी’ केले तेव्हा त्यामागे स्वीडनच्या अ‍ॅबा या गटाचे ‘मामा मिया’ होते, आणि आपण त्यावर वर्षानुवर्षे आनंदाने नाचलो. स्टॉकहोमहून मुंबईला आलेल्या त्या चालीनंतर पाव शतकाने मुंबईची व्हायोलिने स्टॉकहोमला गेली, यात मला हिशेब चुकता झाल्यासारखे समाधान वाटते. बंगळूरच्या बिद्दू यांनी १९७४ मध्ये लंडनमध्ये बसून कार्ल डग्लसच्या ‘कुंग फू फायटिंग’ची निर्मिती केली, ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याच बिद्दूंनी १९८० मध्ये नाझिया हसनच्या ‘आप जैसा कोई’मधून तो डिस्को आपल्याकडे आणला. नृत्यसंगीतातली ही देवघेव दोन्ही दिशांनी चालत आलेली आहे. माझा आग्रह फक्त नावांचा आहे. संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे इतिहासात राहिली, पण १९८१ मध्ये स्टुडिओत बसून ती सुरावट प्रत्यक्ष वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकांची नावे आपल्याकडच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर छापण्याची पद्धतच नव्हती. त्यांच्या गजाखालून निघालेला आवाज जगभरातल्या नृत्यगृहांत वाजतो आहे, आणि ही त्रुटी स्टॉकहोमची नसून आपली आहे.

गाण्याची इतर रूपेही ऐकण्यासारखी आहेत. येल नाइम या गायिकेने २००७ मध्ये ते अगदी संथ लयीत गायले आहे. झगमगाट काढून टाकल्यावरही चाल उभी राहते हे त्यातून कळते, आणि कॅथी डेनिस यांच्या रचनेला दाद द्यावीशी वाटते. २०२० च्या ‘प्रॉमिसिंग यंग वुमन’ या चित्रपटासाठी अँथनी विलिस यांनी त्याचे केवळ तंतुवाद्यांवरचे रूप केले, तेही अंगावर येणारे आहे. मात्र त्या वादकांची शिस्त पाश्चात्त्य आहे, त्यामुळे घसीट तिथे मोजूनमापून येते आणि मूळ तुकड्यातला रांगडेपणा जाणवत नाही. क्लबसाठी केलेली अनेक लांबवलेली मिश्रणेही उपलब्ध आहेत. नाचण्यापुरती ती ठीक आहेत, पण ज्याला गाणे ऐकायचे आहे त्याने मूळ सिंगलच घ्यावे, कारण त्याचा आटोपशीरपणा हा त्याच्या गुणांतला पहिला गुण आहे.

विकत घेण्याचा किंवा यादीत टाकण्याचा विचार असेल तर ‘तेरे मेरे बीच में’ आणि ‘टॉक्सिक’ ही दोन्ही शेजारी ठेवा आणि आधी १९८१ चे ऐका. पहिल्या फेरीत लताबाई आणि बालसुब्रह्मण्यम यांच्याकडे लक्ष जाईल, ते जाऊ द्या. दुसऱ्या फेरीत आवाजांमागे वाजणाऱ्या व्हायोलिनांकडे कान लावा आणि मग लगेच ब्रिटनीचे गाणे सुरू करा. स्टॉकहोमच्या त्या दोघांना त्यांत काय सापडले, हे पहिल्या पाच सेकंदांत ऐकू येते.